काटा खाली येतो तेव्हा

चाळिशी उलटली तरी धाकट्याला सगळे धाकटाच म्हणत. थोरला भाऊ, म्हणजे दादा, ट्रक चालवायचा. हा गोदामात माल उतरवून घ्यायचा. एका दुपारी गोदामाच्या फाटकाशी, इंजिन चालू असतानाच, दादा स्टिअरिंगवर मान टाकून गेला. ट्रक नवा होता आणि दोन घरं त्याच्यावर चालत होती, तेव्हा चाक धाकट्याच्या हाती आलं. लायसन होतं त्याच्याकडे, छाती नव्हती.

सकाळी गाडी सुरू केली की ऑइल प्रेशरचा काटा वर असायचा. रस्त्यावर मधोमध राहायचा. पण दिवसभर तापून आलेली गाडी फाटकाशी उभी राहिली की तो हळूहळू उतरायचा, थेट लाल पट्ट्याच्या जेमतेम वर. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते उगाच नाही. गडी सुतावरून स्वर्गाला पोचला: काटा उतरतो तेव्हा दादा येऊन बसतो.

हे त्याने वहिनीला सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून गाडी परत आली की ती फाटकाशी येऊन शेजारच्या सीटवर बसू लागली. काटा उतरला की म्हणायची, "आलात का?" मग गळका नळ, मुलीची परीक्षा, सगळं सांगायची. धाकट्याला भीतीही वाटायची आणि बरंही वाटायचं.

सर्व्हिसिंगच्या वेळी त्याने मिस्त्रीला भीतभीत काट्याचं विचारलं. मिस्त्रीने स्वतःचं मीटर जोडून पाहिलं आणि वैतागला.

"काही झालेलं नाही. गार तेल घट्ट असतं, म्हणून प्रेशर जास्त. तापलं की पातळ होतं. त्यात गाडी उभी, इंजिन सावकाश, मग काटा एकवर येणारच. पळताना तीन-चार दाखवतोय ना? शिवाय या नव्या गाड्यांत कॉम्प्युटरच तेलाच्या पंपाला सांगतो, गरज नाही तर दमू नकोस. लाल दिवा लागला तर मात्र जागच्या जागी बंद कर."

"सगळ्याच गाड्यांत असं होतं?"

"मग तुझी काय जगावेगळी आहे?"

धाकट्याच्या डोळ्यांत पाणी आलं. दादा पुन्हा एकदा गेला होता. आणि वहिनीला हे कोणत्या तोंडाने सांगायचं? तिच्या दिवसात तेवढंच बोलणं उरलं होतं.

संध्याकाळी ती येऊन बसली. काटा उतरला. तिने तोंड उघडायच्या आत त्याने सगळं ओकून टाकलं, पातळ तेलापासून पंपापर्यंत.

"ठाऊक आहे मला," वहिनी म्हणाली. "गाडी आणली तेव्हा मीच घाबरले होते. यांनी समजावलं होतं."

"मग रोज का येत होतात?"

"भावोजी, तुमचे हात कापायचे. उद्या गाडी सोडून दिली असतीत तर आपण सगळ्यांनी काय केलं असतं? वाटलं, ते सोबत आहेत म्हणून तुम्हाला धीर येत असेल तर येऊ दे." तिने दार उघडलं, पाय खालच्या पायरीवर टेकवला. "आता कळलंय ना तुम्हाला? मग उद्यापासून मी येत नाही. इथे बसलं की ते मला त्या चाकावर पडलेले दिसतात. रोज दिसतात."