रेघेखालची नोरा

"घाई काही नाही. मेलेली माणसं कुठं पळून जातायत!"

आमच्या दोन घरांमधल्या बुटक्या भिंतीवर शेजाऱ्यांचा हात टेकवलेला असायचा. त्या हाताचं एकच बोट वर उचललं की झाला त्यांचा नमस्कार. त्यानंतर हे वाक्य. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी दचकलेच होते. २०२०चा एप्रिल, टीव्हीवर रोजचे आकडे, आणि हे चौऱ्याऐंशी वर्षांचे गृहस्थ असं हसत हसत बोलतायत.

इथे परदेशात वडीलधाऱ्यांनाही नावाने हाक मारायची पद्धत आहे. ती मला सात वर्षांत जमली नाही. मनात मी त्यांना आजोबा म्हणायचे आणि तोंडाने नुसतंच "हॅलो" करून वेळ मारून न्यायचे.

सत्तरीच्या पुढच्यांनी घरातच राहायचं, असं सरकारने सांगितलं होतं. आजोबा भिंतीपर्यंत यायचे. "भिंत माझीच आहे, म्हणजे मी घरातच आहे," असा त्यांचा कायदा. ब्युमॉन्टमधल्या आमच्या गल्लीत कामासाठी रोज बाहेर पडणारी मी एकटीच. औषधांच्या कारखान्यात क्वालिटी विभागात आहे मी. येताना त्यांचं दूध आणि ब्रेड आणायचे. पिशवी भिंतीवर ठेवून दोन मीटर मागे सरायचं, मग गप्पा.

भाचीने त्यांना टॅबलेट दिला होता आणि शंभर वर्षांपूर्वीच्या, दहा वर्षांच्या अंतराने झालेल्या दोन जनगणनांची वेबसाइट दाखवली होती. गावाचं नाव टाकलं की घरं दिसतात, घरावर बोट ठेवलं की माणसं. आजोबा या माणसांच्या बातम्या मला अशा सांगायचे, जणू ती पलीकडच्या गल्लीतच राहतात.

"माझी पणजी सापडली. दहा वर्षांत सोळा वर्षांनी म्हातारी झालीय बाई!"

"आजारी होती का?"

"कसली आजारी! मधल्या काळात सत्तरीच्या लोकांना पेन्शन सुरू झालं. सगळा गाव एका रात्रीत सत्तरीचा झाला."

पण तुमच्या लक्षात आलं असेल, घाई नाही घाई नाही म्हणणाऱ्या माणसालाच कसलीतरी घाई असते. आजोबा पणजीवरून, काकांवरून फिरून फिरून एकाच घरावर यायचे. आईचं माहेर. मेयो जिल्ह्यातलं एक खेडं. ते पान उघडायचं, बघायचं, मिटायचं.

जूनमधल्या एका संध्याकाळी मी विचारलं, "तिथे काय शोधताय?"

त्यांनी आधी ब्रेड पिशवीत नीट ठेवला.

"आई शेवटच्या आठवड्यात सारखी म्हणायची, नोरा आली का बघ, दार उघड. नोरा कोण, कुणालाच माहीत नाही. आईहून धाकट्या मावशीला विचारलं, ती म्हणाली, भ्रम झालाय. मग एका दुपारी मी आईला म्हटलं, 'आई, नोरा नावाचं कुणी नाही. झोप आता.' तिने भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर ती कुणालाच बोलावेना." मग म्हणाले, "पस्तीस वर्षं झाली. ती बरोबर होती की मी, एवढंच बघायचंय."

त्या घराच्या यादीत नावं होती सहा. आई, बाप, चार मुलं. सगळ्यात धाकटी चार वर्षांची, ती आजोबांची आई. नोरा नव्हती.

"म्हणजे मीच बरोबर," ते म्हणाले. आपण बरोबर ठरल्याचं इतकं वाईट वाटलेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

आता माझ्याविषयी दोन वाक्यं, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. जालन्याकडच्या एका खेड्यात, आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. बी.एस्सी. केमिस्ट्री. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. नोकरीत माझं काम कागद तपासायचं. त्यातून एक खोड लागली आहे: टाईप केलेल्या प्रतीवर विश्वास ठेवायचा नाही, मूळ कागद बघायचा.

"ही यादी कुणीतरी नंतर टाईप केलेली आहे," मी म्हटलं. "मूळ फॉर्म कुठाय?"

आजोबांना ते ठाऊकच नव्हतं. पानाच्या खालच्या बाजूला बारीक अक्षरात एक दुवा होता. मी माझ्या फोनवर दाबला, त्यांनी टॅबलेटवर दाबला. मूळ फॉर्मचा फोटो उघडला. त्यांच्या आजोबांनी स्वतःच्या हाताने भरलेला, थोड्या तिरक्या अक्षरात.

मी सवयीने आधी आकडे बघितले. 'हयात मुलं' या रकान्यात पाच लिहिलं होतं. यादीत चार. आकडा जुळला नाही की मला चैन पडत नाही. फोटो मोठा केला. बापाच्या नावाखाली, आईच्या नावाखाली, मुलांमध्ये पहिली एक ओळ होती. तिच्यावरून वेगळ्या शाईची आडवी रेघ मारलेली.

"आजोबा," मी चक्क मराठीत ओरडले, मग इंग्रजीत. "रेघेखालचं वाचा!"

नोरा. मुलगी. वय पंधरा. लिहिता-वाचता येतं.

त्यांनीही फोटो मोठा केला. मग एकदम चिडले. "खोडली का तिला? जिवंत पोरगी, खोडायचं काय कारण?"

कारण मला माहीत होतं, कारण आमच्या ओसरीवर मी ते पाहिलं होतं. मी सात-आठ वर्षांची असताना जनगणनेला शाळेतले गुरुजी आले. आजीने सासरी नांदणाऱ्या दोन्ही लेकींची नावं त्यांना धडाधड सांगितली. गुरुजींनी लिहून घेतली आणि मग खोडली. "त्या इथं राहत नाहीत, आजी." आजी म्हणाली, "ऱ्हात न्हाईत म्हून माझ्या न्हाईत का?"

"जनगणनेच्या रात्री घरात झोपलेली माणसंच मोजायची होती," मी आजोबांना सांगितलं. "नोरा बाहेर कामाला असेल. बापाने तरी लिहिली. फॉर्म न्यायला आलेल्या शिपायाने नियमाने खोडली."

आजीचं बोलणंही सांगितलं. ते हसले, आणि हसता हसता चष्मा काढून पुसायला लागले. पुसतच राहिले.

"नोरा आली का बघायला आई सांगत होती मला," ते म्हणाले. "आणि मी तिला खोटं पाडलं."

मी दोन मीटरवर उभी. साधा हात धरायचीसुद्धा तेव्हा सोय नव्हती.

पुढे आम्ही नोराला शोधलंच. बॉल्सब्रिज या श्रीमंत वस्तीतल्या एका मोठ्या घरात त्याच नावाची, त्याच वयाची मोलकरीण सापडली, जन्म मेयो. हीच का? "मी सही करून सांगू शकत नाही," मी म्हटलं.

"नकोच सांगू. दिवसभर राबली असेल पोरगी, तिला चहा तरी पिऊ दे निवांत."

मी तो फॉर्म कागदावर छापून त्यांच्या दारातून आत सरकवला. दुसऱ्या दिवशी आजोबा कोट घालून भिंतीशी. हातात कागद आणि पेन.

"तुमच्या कारखान्यात चूक कशी दुरुस्त करतात?"

"चुकीवर एकच रेघ. खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी बरोबर काय ते लिहायचं, सही, तारीख. मग दुसऱ्या माणसाने तपासून सही करायची."

"रेघ आहेच," ते म्हणाले. त्यांनी शेजारी लिहिलं, नोरा. सही केली, तारीख घातली. कागद भिंतीवर ठेवून दोन मीटर मागे सरले. "आता तू."

नोकरीत मी इंग्रजीत सही करते. त्या दिवशी मराठीत केली, आणि खाली लिहिलं, 'तपासलं'.

"हे काय लिहिलंस?"

"तुमची आई बरोबर होती, असं."

"ग्रँड," ते म्हणाले, म्हणजे झकास. तो कागद त्यांनी चहाच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. रोज कप काढताना दिसावा म्हणून.

फेब्रुवारीत ते गेले. हृदयच थकलं होतं. दफनाला दहाच माणसांना परवानगी, त्यांत मी नव्हते. आदल्या दिवशी भाची भिंतीशी आली, हातात तो कागद.

"ही शेवटची ओळ आम्हाला कुणालाच वाचता येत नाही. तुमची आहे का?"

मी वाचून दाखवली. सगळं सांगितलं. ती म्हणाली, "उद्या त्याच्याबरोबर जायला, त्याच्या कोटाच्या खिशात ठेवावा म्हणते. की झेरॉक्स ठेवू, हा तुम्हाला हवाय?"

मूळ प्रत कधीही बाहेर जाऊ द्यायची नाही, हा आमच्या खात्याचा पहिला नियम. तो मोडला म्हणून मी स्वतः लोकांना बोल लावलेले आहेत.

"मूळच द्या," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आख्खी गल्ली आपापल्या फाटकाशी उभी होती, अंतर ठेवून. शववाहिका आली आणि त्यांच्या घरासमोर थांबली. कुणालाच घाई नव्हती. मी भिंतीवर हात टेकवला आणि एक बोट वर उचललं.