काळी कोंबडी आणि फुटकी अंडी

मंडळी, आज सकाळपासून माझा गरीब चेहऱ्यांवरचा विश्वासच उडालाय.

उंब्रजला आमच्या परसात तीन जातींच्या कोंबड्या आहेत. गावठी भांडकुदळ, हात लावला की टोचते, पण जे काय ते तोंडावर. कडकनाथ काळीकुट्ट, कुणाच्या जवळ येत नाही, लांबूनच टकमक बघते. आणि गिरिराज इतकी गरीब, की खाली बसलं की मांडीवरच येते.

गेल्या आठवड्यापासून खुराड्यात अंड्यांची नुसती टरफलं सापडायला लागली. सासूबाई म्हणाल्या, "ही काळीच खातीया. नजर बघ की तिची!" मलाही लगेच पटलं. काल कडकनाथला बांबूच्या डालग्याखाली कोंडली.

आज खुराडं उघडलं, तर गिरिराज फुटक्या अंड्यापाशी उभी. चोचीला पिवळा बलक! आणि मला बघून नेहमीसारखी लाडात जवळ आली.

मी कडकनाथला सोडायला डालगं उचलणार, तेवढ्यात सासूबाईंनी हात धरला. "ऱ्हाऊ दे गं. त्या काळीनंच शिकवलं आसंल हिला."

डालगं अजून तसंच आहे. खरं सांगा, तुमच्या घरी डालग्याखाली कोण आहे?