आस्ते आरिया

दीदींच्या मते हालचालीचे प्रश्न फक्त चार. अंग जड आहे की हलकं? काम झटक्यात करायचं की सबुरीनं? जायचं ठिकाण ठरलेलं आहे की नुसतं भटकायचं आहे? आणि अंग बांधून धरलंय की मोकळं सोडलंय? एवढ्याची उत्तरं अंगानं दिली की माणूस काहीही दाखवू शकतो, राग, लाज, म्हातारपण, अगदी वारासुद्धा. दीदी हे बंगाली वळणाच्या हिंदीत सांगत आणि आम्ही मुली माना डोलवत असू. सगळ्यात जास्त मान माझी डोलायची, कारण मी ऐकतच नव्हते.

भिलाईत तेव्हा कारखाना उभा राहत होता. जिकडे पाहावं तिकडे लोखंडी खांब, क्रेन आणि तांबडी धूळ. दीदी एका इंजिनियरची बायको होत्या. लग्नाआधी कलकत्त्याला नृत्यनाटकं करायच्या, आणि इथे आल्यावर धुळीकडे बघत बसण्याचा कंटाळा आला म्हणून शाळेतल्या एका लांबलचक खोलीत, बाकं भिंतीला सरकवून, सेक्टरमधल्या मोठ्या मुलींना शिकवू लागल्या. तेलुगू, पंजाबी, मल्याळी, छत्तीसगढी, सगळ्या तऱ्हेच्या मुली. नागपूरकडची मी एकटी. मला मायनं घातलं होतं. "मॅट्रिक झाली, आता घरी बसून माश्या मारशीन का?" असं म्हणून तिनं मला हाताला धरून नेलं. पंधरवड्यातच माय तापानं गेली. त्यानंतरही मी क्लासला जात राहिले, कारण जाऊ नको असं मला कोणी म्हटलं नाही.

मला काहीच होत नव्हतं. दाढ काढण्याआधी डॉक्टर सुई टोचतो आणि मग गाल आपलाच असून आपला वाटत नाही, तशी मी सगळीच्या सगळी झाले होते. भांडी घासत होते, वेणी घालत होते, विचारलं तर बोलत होते. नागपूरहून आलेली मावशी दिवस उलटून गेले तरी परत जायचं नाव घेईना, कारण मी रडले नव्हते.

"रडून घे वं बाई," ती म्हणायची. "पोटात काहून ठेवून राहिली? एखांद्या दिवशी डोक्यावर जाईन."

मला तिचा राग यायचा. तो राग तेवढा शिल्लक होता. रडणं काय नळाला लावलेलं असतं, की फिरवली तोटी अन् आलं? पण रात्री पडल्यापडल्या मी गुपचूप दंडाला चिमटा घेऊन बघायचे. माझ्यात काही उरलंय का, एवढंच मला जाणून घ्यायचं होतं. दंड काळानिळा व्हायचा. बाकी काही नाही.

बाबा तर मायच्या आधीपासूनच कमी बोलत. ते क्रेनला सिग्नल देणारे खलाशी. वर क्रेन चालवणारा, खाली टनावारी लोखंड, आणि मधे कान फाटेल असा आवाज. तिथे तोंडाचा उपयोग नाही, सगळं हातानं. बोट आभाळाकडे करून लहान गोल फिरवला की हाफिज, म्हणजे वर घे. बोट जमिनीकडे करून फिरवला की आरिया, म्हणजे खाली सोड. फिरत्या हातावर दुसऱ्या हाताचा तळवा आडवा आणि स्थिर धरला की आस्ते. आणि माल जागेवर बसला की दोन्ही हात उघडून बाजूला न्यायचे, म्हणजे दोर सोडा. हे शब्द खलाशी लोकांनी कुठल्या बंदरावरून आणले कोण जाणे, पण आमच्या घरात ते मिठासारखे होते.

कान मंद झाल्यामुळे बाबा घरीही हातानंच बोलत. जेवताना पुरे झालं की तळवा खाली करून हात आडवा हलवायचे, क्रेनला थांबवतात तसा. माय भाकर हातात धरून म्हणायची, "अवो, मी का तुमची क्रेन हाय?" आणि मुद्दाम आणखी अर्धी वाढायची. बाबा हसायचे. माय गेल्यावर मी वाढू लागले. त्यांनी हात हलवला की मी थांबायचे. अर्धी भाकर टोपलीत परत जायची.

दीदींच्या क्लासात आम्ही रिकाम्या हातांनी कामं करायचो. नसलेलं कपाट ढकलायचं. ते जड, सबुरीचं, नेमकं. नसलेली भाकर थापायची. ते हलकं, झटक्याचं, नेमकं. बोटांवरचं पाणी झटकायचं, धुणं पिळायचं. प्रत्येक कामाला दीदी तेच चार प्रश्न विचारायच्या आणि तोंडानं उत्तर दिलेलं त्यांना चालत नसे. धुणं पिळण्यात माझा हात धरणारी कोणी नव्हती. खांद्यापासून बोटांपर्यंत सगळं आवळून मी असं पिळायचे की पंजाबी मुलगी लांब सरकायची, अंगावर पाणी उडेल म्हणून. दीदी सगळ्यांना थांबवून म्हणायच्या, "देखो, इसको देखो. इसका बंधन देखो." मी तशीच उभी. कौतुक माझ्या अंगावरून ओघळून जायचं.

ह्याच बंधनापायी त्यांनी मला नाटकातला डोंगर केलं. कारखान्याच्या वार्षिक कार्यक्रमासाठी त्यांनी लोखंडाची गोष्ट बसवली होती. डोंगराच्या पोटात तांबडा दगड झोपलेला असतो, माणसं येऊन त्याला उठवतात, नेतात, भट्टीत घालतात, आणि शेवटी त्याचं लखलखीत पोलाद होतं. दगड झालेल्या मुलींना तांबडे रेशमी झगे. मला गोणपाट. मधे एक जागा अशी होती की दगड निघून जातो आणि डोंगर त्याला जाऊ देतो. तिथे दीदींना माझे हात हवेत तरंगायला हवे होते. हलके, सबुरीचे, कुठेही न जाणारे, मोकळे.

ते मला जमेना. हात उचलला की खांदा आवळायचा. दीदींनी माझ्या मनगटाखाली बोट धरून पाहिलं, डोळे मिटायला लावले, श्वास सोडायला लावला. पिसाचा विचार कर म्हणाल्या, धुराचा विचार कर म्हणाल्या. मी पिसाचा विचार केला, धुराचा केला, आणि हात लाकडासारखा तिथेच. शेवटी त्या वैतागल्या.

"छोड़ना सीखो, बाबा! पकड़ना तो सबको आता है."

त्या मला बाबा का म्हणाल्या, बंगाल्यांत तसं म्हणतात का, ते मला ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, "नहीं होता." हे म्हणताना माझा आवाज चढला. भीतीही वाटली. मला वाटलं होतं, बाकी कुठे नाही तरी इथे काहीतरी हलेल. इथेही हललं नाही तर संपलंच. दीदींनी तेलुगू मुलीला माझे हात पाठ करायला सांगितले, ऐनवेळी लागले तर असावेत म्हणून.

मायला मरोदा गावाच्या बाजूला माळावर पुरलं होतं. आम्ही नव्यानं बौद्ध झालेले, जुने विधी सोडलेले आणि नवे अजून नीट पाठ नसलेले. बायकांनी तिकडे जायचं की नाही यावर घरी थोडी कुजबुज झाली. मी एकटीच पोर, म्हणून गेले. मुरमाची जमीन, खड्डा खणायला सकाळ गेली. खणणारे बाबांच्या गँगचेच लोक. वंदना झाल्यावर त्यांनी मायच्या खालून दोर घातले आणि दोन्ही बाजूंना उभे राहिले. मग सगळ्यांनी बाबांकडे पाहिलं. दुसरं काय करणार? माल उतरवायचा तर सिग्नल बाबांचा, ही त्यांची रोजची रीत.

बाबा डोक्याच्या बाजूला उभे होते. त्यांनी उजवं बोट खाली केलं आणि लहान गोल फिरवायला लागले. डावा तळवा त्यावर आडवा धरला. आस्ते आरिया. माय खाली गेली ती कुठेही न कलंडता, एकही धक्का न बसता. टेकली. आता बाबांनी हात उघडायचे होते. त्यांनी उघडले नाहीत. बोट फिरायचं थांबलं, पण हात तसेच, एकावर एक. गँगचे लोक दोर ताणून उभे राहिले. बऱ्याच वेळानं शेजारचे एक म्हातारे हळूच म्हणाले, "सोडा रे आता." तेव्हा गँगनं दोर सोडले. बाबांचे हात मग कोणीतरी धरून खाली केले.

हे मी सगळं पाहिलं. पाहताना माझ्या मनात एवढंच आलं की मुरूम फार लाल आहे.

कार्यक्रमासाठी मैदानात पाइप आणि फळ्यांचा रंगमंच उभारला. पडदा म्हणजे ताडपत्रीला निळा रंग मारलेला, खाली वजनाला लोखंडी पाइप शिवलेला. तो कप्पीवरून वर-खाली करायला खलाशीच हवे होते. गँगला बोलावलं, आणि सुट्टीच्या दिवशी घरात बसवत नसे म्हणून बाबाही गेले. दोराला ते आणि त्यांचा एक साथीदार. दुसऱ्या बाजूच्या विंगेतून दीदींनी रुमाल हलवला की पडदा पाडायचा, असं ठरलं. सगळी उमर सिग्नल देणारा माणूस त्या संध्याकाळी सिग्नल घ्यायला उभा राहिला.

समोर साहेबलोक, त्यांच्या बायका, काही रशियन पाहुणे, आणि मागे मैदानभर कामगार. गोणपाट मानेला टोचत होतं. नाटक सुरू झालं. माणसं आली, दगड उठले, मी बांधून धरायचं तेवढं धरलं. मग ती जागा आली. तांबडे झगे माझ्यापासून निघून भट्टीकडे गेले आणि मी रंगमंचाच्या मधोमध आले, म्हणजे बरोबर दीदींचा रुमाल आणि बाबांचे डोळे यांच्या मधे.

हात तरंगवायचे होते. मी उजवा हात पुढे केला आणि तो खाली गेला. बोट जमिनीकडे झालं आणि फिरायला लागलं. डावा तळवा येऊन त्यावर आडवा थांबला. हे मी ठरवून केलं नाही. मी आपल्या हातांकडे बघत होते आणि ते माझे नव्हते.

बाबांनी सिग्नल पाहिला. आणि त्यांनी पडदा सोडायला सुरुवात केली.

आस्ते आला पडदा. एका सरळ रेषेत, न झोके खाता, न अडकता. इतका सुरेख पडदा भिलाईत पुन्हा कधी पडला नसेल. फक्त नाटक अर्धंच झालं होतं. दगड भट्टीत मुटकुळं करून पडलेले, पोलाद अजून व्हायचं होतं. पलीकडे लोकांनी जोरात टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं संपलं. खुर्च्या सरकल्याचे आवाज आले, कोणीतरी चहाचं विचारलं. दुसऱ्या विंगेतून दीदी बंगालीत ओरडत होत्या. भट्टीतली मल्याळी मुलगी डोकं वर काढून विचारत होती, "हो गया क्या?"

मी बाबांकडे पाहिलं. पडद्याचा पाइप फळीला टेकला होता, तरी बाबांनी दोर ताणून धरला होता. त्यांचा साथीदार कधीच मोकळा झाला होता. "सोड ना गा, बसला," तो म्हणत होता. बाबा त्याच्याकडे बघत नव्हते. ते माझ्या हातांकडे बघत होते. ज्यानं आरिया दिला, दोर सोडायचा सिग्नलही त्यानंच द्यायचा. मधेच दुसऱ्या कोणाचं ऐकायचं नाही. बाबा मरतील पण हे मोडणार नाहीत.

माझे हात अजून तसेच होते. एकावर एक.

मी ते उघडले. बाजूला नेले. खांदा आवळला नाही. हात हलके होते, त्यांना घाई नव्हती, त्यांना कुठे जायचं नव्हतं, आणि कोणी त्यांना धरून ठेवलेलं नव्हतं. दीदींना हवं होतं ते हेच असावं, पण दीदींनी ते पाहिलं नाही. त्या तेलुगू मुलीला झगा नीट करायला सांगत होत्या, पडदा पुन्हा उचलता येईल या आशेनं.

बाबांनी दोर सोडला. तो सळसळत खाली येऊन त्यांच्या पायाशी पडला. त्यांनी तळहात उलटे करून पाहिले, धोतराला पुसले आणि म्हणाले, "चाल बाई. भूक लागली मले."

पडदा पुन्हा उचलला गेला नाही. साहेबलोक चहाला गेले होते. दीदी माझ्याशी पुढे आठवडाभर बोलल्या नाहीत आणि त्यांचं बरोबरच होतं, माझ्यापायी त्यांचं पोलाद भट्टीतच राहिलं.

घरी मावशीनं ताटं केली. भाकर, वांग्याची भाजी, मिरचीचा ठेचा. तिनं बाबांना आणखी अर्धी भाकर वाढायला हात पुढे केला आणि मी सवयीनं त्यांच्या हाताकडे पाहिलं. हात हलला नाही. बाबांनी भाकर घेतली. मी माझा घास तोंडात घातला. ठेचा तिखट होता, आणि तो तिखट लागला. मी दुसरा घास केला, तिसरा केला. मग मावशी वाढता वाढता थांबली. ती माझ्याकडे बघत होती आणि तिचं तोंड घाबरल्यासारखं झालं होतं. मी रडत होते, हे मला तिच्या तोंडाकडे पाहून कळलं.

"अवं, काय झालं वं?" ती ताट ओलांडून माझ्याकडे यायला निघाली.

बाबांनी तिला अडवलं. हातानं नाही, तोंडानं.

"रडू दे तिले."