खेकडा मेला नव्हता

मंडळी, आज आमच्या घरात कोणीच मेलं नाही, पण रडारड झाली.

हॅनोव्हरच्या आमच्या हॉलमध्ये खाऱ्या पाण्याचा फिशटँक आहे. त्यातल्या कोरलमध्ये पॅसिफिकच्या बेटांकडचा, नखाएवढा एक खेकडा राहतो. सकाळी माझ्या नवऱ्याला, समीरला, तो तळाशी निपचित पडलेला दिसला. समीर जाळी आणायला धावला. लेकीने जर्मनमध्ये भोकाड पसरलं.

मी म्हटलं, "थांबा. ते नुसतं त्याने टाकलेलं जुनं कवच आहे. नवं मऊ असतं, ते कडक होईपर्यंत तो लपून बसतो."

कोरलमध्ये बॅटरी मारली. आत दोन डोळे.

समीर लगेच काडी घालून त्याला बाहेर काढायला लागला. मागून सासूबाई म्हणाल्या, "राहू दे रे त्याला. येईल आपणहून."

सासरे गेल्यानंतर त्या पहिल्यांदाच एकट्या आल्यात. आल्यापासून समीर त्यांच्या मागे लागलाय, "आई, बाहेर चल, ओळखी करून घे."

समीरने काडी खाली ठेवली. आज फिरायला चल म्हणाला नाही. त्यांच्याशेजारी नुसता बसून राहिला.

तुमच्याकडे आलेल्या आईला तुम्ही असं बसू देता का?