बैलगाडीची वाट आणि मामांचा ट्रक

मामा, म्हणजे माझे सासरे, कानाने यंत्र बघायचे. लग्नानंतर आठवडाभरात मी माहेरचा मिक्सर सुरू केला, तर मामा लांब स्क्रूड्रायव्हर घेऊन आले, एक टोक मिक्सरला लावलं आणि दुसरं स्वतःच्या कानाला. मी दचकून हातातलं झाकणच सोडलं. "बेरिंग रडतंय, बाय. दोन म्हैने चालल," म्हणाले. कल्याणच्या माझ्या वडिलांनी हौसेने दिलेला मिक्सर! मी दोन दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही. बरोबर दोन महिन्यांनी मिक्सरमधून धूर निघाला आणि मी मुकाट पाटा-वरवंटा काढला.

जन्मभर त्यांनी भिवंडीच्या यंत्रमाग कारखान्यांत जॉबरचं काम केलं. बंद पडलेला लूम चालू करायचा, ही त्यांची ड्युटी. त्याच्याही आधी, तरुणपणी, वज्रेश्वरीच्या बाजूला एका ठेकेदाराचा ट्रक चालवलेला. चारही चाकांना जोर असलेला, जंगलातून लाकडं ओढणारा. कारखान्यातलं काम सुटलं आणि महिनाभरात भंगारवाल्याच्या क्रेनने आमच्या राहनाळच्या घरामागे तसल्याच एका ट्रकचा सांगाडा आणून ठेवला. बोनेट नाही, सीट नाही, आतून गवत उगवलेलं. आम्ही सगळे आ वासून उभे.

"बाबा, हे काय?" माझ्या नवऱ्याने विचारलं.

"ट्रक हाय."

"हा?"

"व्हईल."

त्याच वर्षी मी त्यांना ठाण्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. वाटलं होतं, चष्मा बदलून येऊ. निघाला काचबिंदू. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली औषधाने टिकेल तेवढी टिकवायची, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं. येताना कशेळीच्या पुलावर रिक्षा अडकली, मी पदराने डोळे पुसतेय आणि मामा पुढच्या टेम्पोचं इंजिन ऐकतायत! मग म्हणाले, "घरात बोलू नको, बाय. नजर हाय तवर मना तो ट्रक एकदा चालवायचाय. एकदाच." मी कबूल केलं. तेव्हापासून त्या ट्रकला शिव्या घालणारीही मीच आणि टॉर्च धरणारीही मीच.

नवीन वस्तू विकत घ्यायची, हे मामांच्या हिशेबातच नव्हतं. मोडलेल्या लूमचे पट्टे, स्प्रिंगा, पत्रे, सगळं त्या ट्रकच्या पोटात गेलं. सीटची गादी कारखान्यातल्या चिंध्यांची. कार्ब्युरेटर माझ्या टूथब्रशने घासलेला, तेही नव्याकोऱ्या! एकदा खीर करायला पातेलं शोधतेय, तर त्यात रॉकेल आणि रॉकेलमध्ये जाम झालेले नट.

"अहो मामा, माझं खिरीचं पातेलं!"

"धुऊन देतो."

"रॉकेलचा वास धुऊन जातो का कधी?"

"मग ऱ्हाऊ दे मनाच."

आणि पातेलं गेलं ते गेलंच. तिसऱ्या वर्षी मात्र ते टॉर्च मागेनासे झाले. बोटांनी चाचपून नट बसवायचे. मला वाटलं, हात बसला.

त्या काळात गावात भाताच्या शेतांवर धडाधड गोदामं उठत होती. आमच्या घराशेजारचा तुकडा नवऱ्याने एका गोदामवाल्याला भाड्याने दिला. पाया आखताना गवंड्याने विचारलं, मागे जायला वाट किती सोडायची? मामा ट्रकखालून बाहेरसुद्धा न येता ओरडले, "बैलगाडी जाईल येवडी!" आमच्याकडे वाट अशीच मोजतात. वाटणी असो, विक्री असो, बैलगाडी जाईल एवढी वाट सोडली की झालं. घरातले बैल जाऊन जमाना झाला, तरी कुणाला काही खटकलं नाही. मलाही नाही. कर्म आमचं!

ट्रक सुरू झाला त्या दिवशी सगळी आळी गोळा झाली. काळा धूर, धाडधाड आवाज, पोरांच्या शिट्ट्या. मामांनी इंजिनाला स्क्रूड्रायव्हर लावून ऐकलं आणि मान डोलावली. मग नवऱ्याने वाटेला टेप लावला, ट्रकला लावला, पुन्हा वाटेला लावला आणि खालीच बसला. ट्रक वाटेपेक्षा हातभर रुंद होता. वाटेच्या एका बाजूला गोदामाची भिंत, दुसऱ्या बाजूला आमच्या स्वयंपाकघराची पडवी. गोदामवाल्याने हात जोडले, "चाचा, अंदर माल भरा है, दीवार कैसे तोडूं?" मामा आत जाऊन झोपले. भर दुपारी झोपलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी बाजारातून आले, तर माझ्या ओट्यावर ऊन पडलेलं. बाहेरची भिंतच जागेवर नाही! डाळीच्या डब्यांवर माती, मिसळणाच्या डब्यात चुना आणि मधोमध मामा पहार घेऊन उभे.

"मामा! माझं स्वयंपाकघर!"

"आत सरकून बांधू, बाय. भिंत परत व्हते. डोलं व्हनार हायेत का?"

"निदान डबे तरी काढायचे होते!" एवढंच ओरडले, पदर खोचला आणि विटा उचलायला लागले.

रविवारी ट्रक निघाला. रस्त्याला लागायचं नाही, मागच्या खारातल्या, खाडीकाठच्या शेतातच फिरवायचा, ही माझी अट. मामांनी शेजारी फक्त मला बसवलं. "वाट मोडलेली हाय, तू बोलत ऱ्हा," म्हणाले. मी बोलत राहिले. जरा डावीकडे, आता सरळ, पुढे चिखल. चिखलात चाकं फिरायला लागली, तसा त्यांनी खालचा दांडा ओढला, पुढच्या चाकांनी जोर धरला आणि आम्ही बांधावर चढलो. मी किंचाळले. मामा मोठ्याने हसत होते. त्यांना असं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

पलीकडे सपाटीला ट्रक थांबवला. सासूबाई ओवाळणीचं ताट घेऊन बांधाबांधाने चालत आल्या होत्या, लाल लुगडं नेसून, दहा पावलांवर उभ्या.

"मामा, बघा तरी, सासूबाई कशा नटून आल्यात!"

मामा समोर बघत हसत राहिले. मग ओठ न हलवता हळूच म्हणाले, "कंच्या बाजूला, बाय?"

"तुम्हाला दिसत नाही?"

"उजेड-कालोख कलतो. दिवालीपासनं येवडंच."

"अहो, मग मला सांगायचं नाही?"

"बसू दिला असतास?"

नसतंच दिलं. मला त्यांचा इतका राग आला आणि इतकं रडू आलं, की आधी काय करावं तेच कळेना. शेवटी त्यांचा हात धरला आणि खिडकीतून उजवीकडे वळवला. त्यांनी हात हलवला. सासूबाई लाजून खाली बघायला लागल्या.

मामा पुढे दोन वर्षं होते. ट्रकच्या स्टिअरिंगवर पुन्हा बसले नाहीत. नजर त्या दिवसानंतर हळूहळू गेली, असंच सासूबाई धरून चालतात. आजही कुणी आलं की सांगतात, "आधी माझ्याकडं डोलं भरून बगितला, मंगच हात केला." आणि खरं की नाही म्हणून माझ्याकडे बघतात. मी हो म्हणते.