उसनं नाक

भाऊजी, तुमचं नाक गेलंय हे तुमच्याआधी मला कळलं. दूध करपून पातेलं काळं झालं आणि तुम्ही त्याच स्वयंपाकघरात निवांत पेपर वाचत होतात.

"वहिनी, ओरडताय कशाला?"

"घर पेटलंय म्हणून!"

मग कबूल झालात. हिवाळ्यातल्या सर्दीने वास नेला तो परत आणून दिलाच नाही. दुसऱ्या कुणाचं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. पण तुम्ही पडलात गॅसच्या पाइपलाइनवर गस्त घालणारे. साहेबांना कळलं असतं तर त्यांनी तुम्हाला खुर्चीत बसवलं असतं, आणि खुर्चीत तुम्ही वाळून गेला असतात.

म्हणून माझं नाक उसनं घेतलंत. शेजारणींना वाटायचं, दीर किती गुणी, वहिनीला रोज फिरायला नेतो! फिरणं कसलं, वेठबिगारी. इथे हुंगा, तिथे हुंगा. वर व्याख्यान: उन्हाने माती तडकते, पावसाने फुगते, आणि पाइपाचा सांधा मधल्या मधे ताणला जातो.

"सासू आणि नवऱ्यामधल्या सुनेसारखा," मी म्हणाले.

"तिला निदान माहेर असतं."

पाइप जमिनीतून वर येतो तिथे गंज आधी धरतो, म्हणून तिथला रंग नखाने टोकरून बघायचात. शंका आली की खिशातून दाढीचा ब्रश काढून साबणाचा फेस लावायचा आणि बुडबुड्यांची वाट बघायची. गॅस पकडणारं यंत्र ऑफिसात एकच, तेही कायम दुरुस्तीला.

एकदा मुसळधार पावसाने लाँड्रीमागच्या उतारावर पाइपाखालची माती वाहून नेली. पाइप उघडा लोंबकळत होता. मी नाकाला रुमाल लावला. तुम्ही पाइपावर वाकून खुशाल श्वास घेत फेस लावत होतात. बुडबुडे फुगायला आणि साहेब यायला एकच गाठ पडली.

"अहो, कोपऱ्यापासून वास मारतोय! तुम्हाला आला नाही?"

तुमचा चेहरा फेसाहून पांढरा. "आधी वहिनींना आला, साहेब. सगळीकडे नाक खुपसायची सवय त्यांनाच."

हे माझं बक्षीस! साहेब हसत हसत व्हॉल्व्ह बंद करायला धावले. मग गंज घासला, पाइपाला नवं वेष्टण गुंडाळलं, खाली वाळूची पोती रचली.

घरी येऊन मी तुम्हाला सोलून काढलं. लाँड्रीवाल्याची इस्त्री निखाऱ्यांची होती, भाऊजी. मी त्या दिवशी घरीच राहिले असते तर? ठरलं, गुरुवारी नाकाच्या डॉक्टरकडे जायचं. त्यांनी हात टेकले, तर साहेबांना खरं सांगायचं.

गुरुवारी मी चपला घालून तयार. तुम्ही दारातून आभाळाकडे बघितलंत. "वहिनी, वाटेत तेवढा उतार बघू. पोती खचली नसतील ना?"

दवाखाना बरोबर उलट्या दिशेला होता. पुढे दर गुरुवारी आभाळ भरून यायचं, निदान तुम्हाला तरी तसं दिसायचं. तुम्ही निवृत्त झालात, तरी त्या दवाखान्याची पायरी आपण चढलेलो नाही.