चाचांचा पाना

पांढरकवड्याचा खरा इतिहास जगात एकाच माणसाला ठाऊक आहे आणि तो माणूस ट्रकचा मेकॅनिक आहे, हे मी कुणाशीही पैज लावून सांगेन. आमच्या घराला लागून गॅरेज असलेले चाचा दर रविवारी सकाळी पंधरा-वीस जणांना गावातून पायी फिरवायचे आणि इतिहास सांगायचे. लोक ऑइलच्या रिकाम्या डब्यात जे टाकतील, त्यावर गरीब पेशंटांना नागपूरला नेणारी गाडी चालायची, अजूनही चालते. हातात कायम सोळा-सतराचा पाना. कुणी जांभई दिली की तो जवळच्या लोखंडी खांबावर वाजलाच. सनावळ्यांचा त्यांना तिटकारा. कापसाच्या जुन्या जिनिंग मिलची चिमणी कधीची, असं एका प्राध्यापिकाबाईंनी विचारलं, तर म्हणाले, "हायवे गावातून जात होता तवा एका सरदारजीचा एक्सल अठीच तुटला. त्याच्या आंदल्या साली." बाईंनी तेही वहीत लिहून घेतलं. सावलीत कुणी टेकलं तर, "काहून बसले? इतिहास पायानं वाचा लागते." मात्र वाटेत ट्रक बंद पडलेला दिसला की स्वतः सरळ गाडीखाली. एकदा आम्ही अर्धा तास नुसते त्यांचे पाय बघत उभे होतो आणि चाचांनी खालूनच अख्ख्या बाजाराचा इतिहास सांगून टाकला.

मागल्या वर्षी नागपूरला त्यांच्या गळ्याचं ऑपरेशन ठरलं. आवाज जाईल, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. चाचा त्या गाडीतून जायला तयार होईनात. "ते गरिबायची गाडी होय, मी कायले बसू तिच्यात?" शेवटी ड्रायव्हर आजारी आहे अशी आम्ही थाप मारली. मग मागे दोन पेशंट बसवून हा माणूस स्वतःच्या ऑपरेशनला स्वतः गाडी चालवत गेला. निघताना मला म्हणाले, "मास्तर, रविवार चुकला नाही पायजे." त्यांच्या आवाजात मी ऐकलेलं ते शेवटचं वाक्य.

आता मी बोलतो, चाचा मागून चालतात. माझं चुकलं की मागे खांबावर पाना वाजतो आणि मी मुकाट्यानं सुधारतो. सुरुवातीला फार वाजायचा. हळूहळू माझं सगळं पाठ झालं, पाना गप्प झाला, आणि ते काही मला सोसेना. म्हणून गेल्या रविवारी चिमणीपाशी मी सरदारजीचा क्लच गेला असं ठोकून दिलं. पाना असा वाजला की गल्लीतली माणसं दारात आली.

"चुकलो. एक्सल," मी म्हणालो. मागे वळून पाहिलं, तर चाचांची छाती वीतभर फुगलेली.

पुढच्या रविवारी गिअरबॉक्स म्हणणार आहे.